एमएस आणि किनाऱ्यावरचा उकाडा
मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन आवरणावरच उलटते. चाल बिघडते ती लोकांना दिसते. रुग्णाचा दिवस मात्र बहुधा न दिसणाऱ्या गोष्टी खातात. थकवा, नैराश्य, लघवीवरचा सुटलेला ताबा. थकव्याला घरचेच आळस म्हणतात, हे सगळ्यांत वाईट.

कोकणातल्या हर्णेसारख्या दमट किनाऱ्यावर उकाड्याची भर पडते. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी नजर अंधुक होते, पाय जड पडतात. अंग निवले की त्रास बहुधा ओसरतो. संध्याकाळी मासळीच्या लिलावाला वाळूत उभे राहणेही अशा माणसाला झेपत नाही.

कामधंदा टिकला, घरच्यांची साथ आणि झेपेल तेवढा व्यायाम असला, तर आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार समाविष्ट आहे. रुग्णांनी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करावा.