जर्मनीतील हिवाळा आणि पायाखालची नावे

‘वकीलसाहेब, जर्मनीला जाऊन आलात, काय आणले?’ परतल्यापासून बार रूममध्ये आणि विहारात हा प्रश्न आम्हाला रोज विचारला जातो. चॉकलेट आणले होते, ते पहिल्याच रविवारी संपले. थंडी आणली, ती अजून आमच्या गुडघ्यात आहे. बाकी जे आणले ते पिशवीत मावणारे नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून परतलो आणि आठवडाभराने आम्ही उभयता विमानात बसलो. उन्हाळ्याची सुटी दरवर्षी श्रामणेर शिबिरांत जाते. म्हणून तारखा पुढच्या घेऊन, कोर्टाच्या नाताळच्या सुटीला जोडून हा दौरा आखला. आमच्या सहचारिणी शिक्षिका; त्यांनी इतक्या वर्षांच्या नोकरीत प्रथमच एवढी सलग रजा मागितली. भाचा फ्रँकफर्टला नोकरीला आहे. ‘मामा, थंडीत कशाला येता?’ असे तो म्हणत होता, ते काही खोटे नव्हते. डिसेंबरात तेथे आठ वाजता उजाडते आणि साडेचारला दिवस मावळतो. ज्या बर्फासाठी आम्ही लोकरीचे एवढे कपडे वाहून नेले, तो बर्फ कुठेच दिसला नाही. नुसती बारीक पावसाची झड.

पण अंधार पडला की ती शहरे उजळतात. फ्रँकफर्टच्या रोमरबर्ग चौकात नाताळचा बाजार भरतो. लाकडी टपऱ्या, भाजलेले चेस्टनट, बदामाची मिठाई, लहान मुलांसाठी गोल फिरणारे घोडे. मसाले घालून गरम केलेली वाइन तेथे कपाकपाने विकली जाते आणि कपासाठी वेगळी अनामत भरावी लागते. आमचे पंचशील आड आले, म्हणून आम्ही दोघांनी मुलांसाठी असलेला बिनदारूचा गरम फळांचा रस घेतला. रांगेत आमच्या पुढेमागे सगळी शाळकरी पोरे.

कप हातात धरून उभे असताना भाच्याने समोरच्या जुन्या इमारतीकडे बोट दाखवले. ‘मामा, हे रोमर. इथली नगरपालिका. तुमच्या कामाची एक गोष्ट इथे घडली आहे.’

ती गोष्ट अशी. २० डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे अशाच ऐन नाताळच्या दिवसांत, याच इमारतीच्या सभागृहात आउशवित्झ छळछावणीतील अधिकारी व रक्षक यांच्यावरील खटला उभा राहिला. नंतर एप्रिल १९६४ मध्ये तो गालुस भागातील सभागृहात हलवण्यात आला. न्युरेंबर्गचा खटला विजेत्या राष्ट्रांनी चालवला होता. हा खटला जर्मनांनी जर्मनांवर, जर्मन कायद्याखाली, जर्मन न्यायाधीशांपुढे चालवला. साडेतीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. ऑगस्ट १९६५ मध्ये वीस आरोपींबाबत निकाल लागला. सतरा दोषी, तीन सुटले.

हे सारे आपोआप घडले असे कोणी समजू नये. त्यामागे फ्रिट्झ बाउअर नावाचा एक सरकारी वकील होता. ज्यू घरात जन्मलेला, १९३३ मध्ये स्वतः छळछावणीत टाकला गेलेला, नंतर डेन्मार्क व स्वीडनमध्ये परागंदा झालेला आणि १९४९ साली मायदेशी परतलेला. हेसे राज्याचा महाधिवक्ता म्हणून त्याने हा खटला उभा केला. त्या काळी जर्मनीच्या न्यायखात्यात नाझी राजवटीतलेच कितीतरी जुने लोक खुर्च्यांवर बसलेले होते. आइखमानचा ठावठिकाणा कळला तेव्हा बाउअरने ती माहिती आपल्या सरकारला न देता इस्रायलला कळवली. आपल्याच खात्यावर सरकारी वकिलाचा विश्वास नसावा, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

वकील म्हणून आम्हाला त्या निकालातील एक मेख सांगितलीच पाहिजे. न्यायालयाने प्रत्येक आरोपीने स्वतःच्या हाताने कोणते कृत्य केले याचा पुरावा मागितला. त्यामुळे ज्यांनी ‘फक्त हुकूम पाळला’ त्यांच्यापैकी अनेकांना साहाय्यक ठरवून थोडक्या वर्षांची शिक्षा झाली. छावणी चालू ठेवण्यास हातभार लावणे हाच गुन्हा, ही भूमिका जर्मन न्यायालयांत रुजायला २०११ साल उजाडावे लागले. तोवर बहुतेक आरोपी म्हातारपणाने मेले होते. जमावाने केलेल्या अत्याचारात ‘नेमका वार कोणी केला’ हा प्रश्न उलटतपासणीत कसा विचारला जातो आणि त्यावर आरोपी कसे सुटतात, हे या स्तंभाच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी फ्रँकफर्टच्याच एका साध्या गल्लीतून जाताना सहचारिणी थबकल्या. ‘अहो, खाली बघा.’ फूटपाथच्या दगडांत दहा सेंटिमीटर चौरस पितळी पत्रा बसवलेला. वर कोरलेले, ‘येथे राहत होता’. मग नाव, जन्मसाल, कोणत्या साली कुठे नेले, कुठे मारले. एका दारापुढे असे चार. सर्वात धाकट्याचे वय त्यांनी बोटांवर मोजले. सहा वर्षे. पहिलीतला.

गुंटर डेमनिग या कलावंताने हे काम सुरू केले. आज युरोपभर असे एक लाखाहून अधिक दगड आहेत. नावे वाचायची तर मान खाली घालावीच लागते. यालाही विरोध आहे. मेलेल्यांची नावे पुन्हा लोकांच्या बुटांखाली नकोत, असे म्हणून म्युनिक शहराने सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवू दिले नाहीत, आणि हे म्हणणाऱ्यांत नरसंहारातून वाचलेले ज्यूही आहेत. त्यांचे म्हणणे आम्हाला खोडून काढता येत नाही. मात्र त्या गल्लीत एक बाई गुडघ्यावर बसून फडक्याने पितळ घासत होत्या, तेही डोळ्यांपुढून जात नाही.

तेथून रेल्वेने बॉन. आमच्या दृष्टीने हे तीर्थस्थान नव्हे, पण चुकवण्यासारखे गावही नव्हे. बाबासाहेबांनी १९२२ साली येथील विद्यापीठात नाव नोंदवले होते. त्याआधी त्यांनी चक्क जर्मन भाषेत अर्ज पाठवला होता. वर्गांना हजर राहणे झाले नाही म्हणून पुढे पटावरून नाव कमी झाले आणि १९२३ मध्ये ते मायदेशी परतले. पिवळ्या रंगाच्या त्या जुन्या राजवाड्यात आजही विद्यापीठ आहे. समोरच्या ओल्या हिरवळीवर आम्ही एक फोटो काढला, एवढेच.

बॉनचे दुसरे महत्त्व कायद्याच्या विद्यार्थ्याला कळावे. १ सप्टेंबर १९४८ रोजी येथील कोनिग प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात, पेंढा भरलेली जनावरे पडद्याआड सारून, जर्मनीच्या घटना परिषदेचे उद्घाटन झाले. त्याच हिवाळ्यात, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, दिल्लीच्या संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले. माणसाची प्रतिष्ठा अनुल्लंघनीय आहे, हे जर्मनांनी आपल्या घटनेच्या पहिल्याच कलमात लिहिले. दुरुस्ती करूनही त्या तत्त्वाला हात लावता येऊ नये, अशी तजवीज केली. सहचारिणींना मात्र एलिझाबेथ सेलबर्ट यांची हकिकत अधिक आवडली. परिषदेत ६५ सदस्य, त्यांत स्त्रिया चार. वकील असलेल्या सेलबर्टबाईंनी स्त्री-पुरुष समान आहेत एवढे साधे वाक्य सुचवले, ते समितीने फेटाळले. मग बाई गावोगाव बोलत सुटल्या, देशभरातून बायकांची ढिगांनी पत्रे येऊन पडली आणि जानेवारी १९४९ मध्ये तेच वाक्य मान्य झाले. ‘म्हणजे मागितल्याशिवाय तिथेही नाहीच,’ असे म्हणून त्यांनी मफलर घट्ट केला.

हे वाक्य आमच्या डोक्यात राहिले आणि कोलोनला त्याचा पुढचा भाग दिसला. तेथील प्रचंड चर्चखालचा बाजार पाहिला, पण गेलो होतो नगरभवनापुढचा दगड बघायला. डेमनिगचा पहिला दगड १६ डिसेंबर १९९२ रोजी तेथे बसला, आणि तो ज्यूंसाठी नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी त्याच तारखेला हिमलरने सिंती व रोमा लोकांना आउशवित्झला पाठवण्याचा हुकूम काढला होता. त्या हुकुमाची ती आठवण.

हे सिंती-रोमा कोण? शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच भूमीतून पश्चिमेकडे गेलेले भटके. त्यांच्या भाषेत आकडे मोजतात ते ‘येक, दुय, त्रिन’. नाझींनी त्यांचीही लाखोंनी कत्तल केली. पण युद्ध संपल्यावर काय झाले? १९५६ साली कार्ल्सरूहेच्या संघराज्य न्यायालयाने नुकसानभरपाईच्या दाव्यात म्हटले की १९४० मध्ये यांना हद्दपार केले ते वंशद्वेषातून नव्हे; हे लोक मुळात चोरी-फसवणुकीकडे झुकणारे आहेत, म्हणून तो पोलिसी बंदोबस्त होता. मरणाऱ्याच्या जातीवरच गुन्हा लावून मोकळे! १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची भाषा ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे वाक्य परके वाटणार नाही. पोलिसांनी या लोकांवर पाळत ठेवण्यासाठी नाझी काळातील फायलीही वापरात ठेवल्या होत्या.

१९८० च्या ईस्टरला सिंती कार्यकर्ते डाखाऊच्या जुन्या छळछावणीत उपोषणाला बसले. त्यांत छावणीतून जिवंत सुटलेले वृद्धही होते. तेव्हा कुठे जग वळून पाहू लागले. १९८२ मध्ये चॅन्सेलर श्मिट यांनी हा वंशसंहार होता असे मान्य केले. आणि त्या १९५६ च्या निकालाबद्दल लाज वाटते, असे त्याच न्यायालयाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे म्हटले, पण सुमारे साठ वर्षांनी. जर्मन लोक आपल्या पापाची आठवण प्रामाणिकपणे ठेवतात, असे प्रवासवर्णनांत नेहमी लिहिले जाते. ते खोटे नाही. परंतु ती आठवण कोणी, किती वर्षे भांडून ठेवायला लावली, हे त्या लेखकांनी लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

शेवटचे दोन दिवस बर्लिन. गाडी सव्वा तास उशिरा धावली आणि आम्हाला एकदम घरच्यासारखे वाटले. ज्यूंचे स्मारक २००५ साली झाले, काँक्रीटचे २७११ खांब, गर्दी भरपूर. तेथून चालत काही मिनिटांवर, संसद भवनाच्या बाजूला झाडीत सिंती-रोमांचे स्मारक आहे. ठरले १९९२ मध्ये, उघडले २०१२ मध्ये. काळ्या पाण्याचे एक गोल कुंड, मधोमध त्रिकोणी दगड. छावणीत कैद्यांच्या कपड्यांवर शिवलेल्या त्रिकोणाचा तो आकार. त्या दगडावर एक ताजे फूल ठेवलेले असते. रोज तो दगड खाली जातो आणि नवे फूल घेऊन वर येतो.

आम्ही गेलो तेव्हा तेथे आम्ही दोघे आणि एक तरुण जोडपे, एवढेच होतो. सहचारिणींनी पर्समधून वही काढली, वर्गात सांगण्यासाठी साल लिहून घेतले आणि विचारले, ‘वीस वर्षे कशाला लागली हो, एवढ्याशा कुंडाला?’ आम्हाला जेवढे माहीत होते तेवढे सांगत बसलो. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. पिशवीतल्या छत्र्या काढल्या आणि पाण्यावरचे थेंब बघत आम्ही आणखी थोडा वेळ तेथेच थांबलो.