पंपाच्या शाफ्टसाठी बेअरिंगची निवड व संकल्पन : भारविश्लेषणाच्या अंगाने एक विवेचन

प्रस्तावना :

पाणीपुरवठा योजनेचा किंवा उपसा सिंचनाचा पंप बंद पडतो, तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा एका लहानशा बेअरिंगमध्ये सापडते. मेकॅनिक शाफ्ट बाहेर काढतो, जुन्या बेअरिंगवरील क्रमांक वाचतो, त्याच क्रमांकाचे नवे बेअरिंग बसवितो आणि पंप पुन्हा सुरू होतो. चार-पाच महिन्यांनी तोच प्रसंग पुन्हा उद्भवतो. दोष मग उत्पादकाला, दुकानदाराला किंवा ग्रीसला दिला जातो. त्या बेअरिंगवर किती आणि कोणत्या दिशेने भार येतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. अध्यापनातही स्थिती फारशी वेगळी नाही. यंत्र-संकल्पनाच्या पाठ्यपुस्तकातील उदाहरणात भार आयताच दिलेला असतो व विद्यार्थी सूत्रात आकडे घालून क्रमांक निवडतो. पंपाच्या बाबतीत खरी अडचण तो भार ठरविण्यातच आहे. प्रस्तुत लेखात एकपदरी, एका बाजूने पाणी घेणाऱ्या अपकेंद्री पंपाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

आयुर्मानाचे गणित :

गुस्ताफ लुंडबर्ग व आर्विड पाल्मग्रेन या स्वीडिश अभ्यासकांनी १९४७ मध्ये मांडलेला सिद्धांत आजच्या आयएसओ २८१ या मानकाच्या मुळाशी आहे. बेअरिंगची गतिक भारक्षमता आणि त्यावरील समतुल्य भार यांच्या गुणोत्तराचा घन केला की बॉल बेअरिंगचे आयुर्मान दशलक्ष फेऱ्यांत मिळते. रोलर बेअरिंगसाठी घनाऐवजी १०/३ हा घातांक घेतात. हे आयुर्मान म्हणजे एका बेअरिंगबद्दलची हमी नव्हे. एकसारख्या बेअरिंगच्या मोठ्या समूहापैकी ९० टक्के बेअरिंग धातूच्या श्रांतीमुळे निकामी न होता जेवढा काळ टिकतात, तो हा काळ होय. घनाच्या संबंधामुळे भार दुप्पट झाला की आयुर्मान एक-अष्टमांशावर येते. भाराच्या अंदाजातील लहानशी चूकही त्यामुळे महागात पडते.

त्रिज्य भार :

व्होल्यूट आवरणात इम्पेलरभोवतीचा दाब केवळ संकल्पित प्रवाहालाच जवळपास समान असतो. झडप आवळून प्रवाह कमी केला, किंवा प्रत्यक्ष शीर्ष अपेक्षेपेक्षा कमी असल्याने प्रवाह वाढला, तर दाबाचा तोल बिघडतो आणि इम्पेलर एका बाजूला रेटला जातो. ए. जे. स्टेपॅनॉफ यांच्या प्रचलित सूत्रानुसार या बलाचा गुणांक शून्य प्रवाहाला ०.३६ असतो, निम्म्या प्रवाहाला ०.२७ होतो व संकल्पित प्रवाहाला शून्यावर येतो. हा गुणांक, पाण्याचा एकक भार, शीर्ष, इम्पेलरचा व्यास आणि त्याची बाहेरील रुंदी यांचा गुणाकार म्हणजे त्रिज्य बल.

उदाहरणादाखल १४५० फेरे प्रति मिनिट गतीचा, ३२ मीटर शीर्षाचा, ३२० मिमी व्यासाचा व ३५ मिमी रुंदीचा इम्पेलर असलेला पंप घेऊ. निम्म्या प्रवाहाला शीर्ष ३६ मीटर धरल्यास बल सुमारे १,०७० न्यूटन येते. इम्पेलर पुढच्या बेअरिंगच्या बाहेर १८० मिमी लोंबता असून दोन बेअरिंगमधील अंतर २०० मिमी आहे. तरफेच्या नियमाने पुढच्या बेअरिंगवर या बलाच्या १.९ पट, म्हणजे सुमारे २ किलोन्यूटन, आणि मागच्यावर ०.९ पट भार येतो. याच पंपात ६३०८ क्रमांकाचे बेअरिंग आहे असे समजू. शेवटच्या ०८ या अंकांना ५ ने गुणले की ४० मिमी हा आतील व्यास मिळतो. त्याची भारक्षमता सुमारे ४१ किलोन्यूटन असते. अशा पुढच्या बेअरिंगचे गणिती आयुर्मान ९९,००० तासांच्या आसपास येते.

मग पुढचे बेअरिंग लवकर का जाते? त्रिज्य बलाने शाफ्ट वाकतो, ग्लँड पॅकिंग ढिले होते, गळणारे पाणी शाफ्टवरून बेअरिंगच्या घरात शिरते आणि वंगण बिघडते. बेअरिंग श्रांतीने नव्हे, गंजाने मरते. अशा ठिकाणी अधिक मोठे बेअरिंग बसविणे हा उपाय नाही. उलट तो कधीकधी अपायकारक ठरतो. बॉल बेअरिंगवर त्याच्या क्षमतेच्या किमान १ टक्का भार असावा असा संकेत आहे. ६३०८ साठी तो सुमारे ४१० न्यूटन होतो. संकल्पित प्रवाहाला या पंपाच्या पुढच्या बेअरिंगवर जवळपास केवळ इम्पेलर व शाफ्टचे वजन उरते. भार अपुरा असला की गोळ्या गडगडण्याऐवजी घसरतात आणि धावपृष्ठ खरवडले जाते.

अक्षीय भार :

बेअरिंगच्या वारंवार होणाऱ्या नाशाचे उत्तर बहुधा येथे सापडते. इम्पेलरच्या पाठीमागे दाब अधिक व समोर, पाणी शिरण्याच्या तोंडाशी, कमी असतो. म्हणून शाफ्ट पाण्याच्या तोंडाकडे ओढला जातो. वरील पंपात वेअर रिंगचा व्यास १६० मिमी व शाफ्टचा ४५ मिमी धरला आणि शीर्षाच्या तीन-चतुर्थांश दाब मानला, तर हे बल सुमारे ४.४ किलोन्यूटन होते. म्हणून पाठीमागे दुसरी वेअर रिंग व संतुलन-छिद्रे देऊन ते कमी करतात. ते ०.९ किलोन्यूटनवर आणले असे मानू. मागच्या बाजूस ६३०८ असेल आणि त्याच वेळी ०.९६ किलोन्यूटन त्रिज्य भार असेल, तर आयुर्मान सुमारे ७२,००० तास येते.

आता गाळाने छिद्रे बुजली किंवा पाठीमागची रिंग झिजली असे समजा. छिद्रे दाब मोकळा करू शकत नाहीत, झिजलेल्या रिंगमधून पाणी अधिक शिरून पाठीमागचा दाब वाढतो आणि अक्षीय बल पुन्हा ४.४ किलोन्यूटनच्या दिशेने सरकते. पूर्ण ४.४ धरल्यास त्याच ६३०८ चे आयुर्मान सुमारे ३,४०० तासांवर येते, म्हणजे अखंड चालणाऱ्या पंपात पाच महिन्यांहूनही कमी! त्याच क्रमांकाचे कितीही चांगले बेअरिंग बसविले तरी फरक पडणार नाही. ४० अंश स्पर्शकोनाची ७३०८ ची पाठीला-पाठ लावलेली जोडी मात्र हाच भार सुमारे ५९,००० तास पेलते. तेल उद्योगातील एपीआय ६१० हे मानक नियत कार्यस्थितीत २५,००० तास व कमाल भाराखाली १६,००० तास मागते, आणि अक्षीय भार काढताना आतील फटी मूळच्या दुप्पट झाल्या आहेत असे धरून हिशेब करावयास सांगते. नव्या पंपासाठी नव्हे, झिजलेल्या पंपासाठी बेअरिंग निवडायचे असते, हा त्यामागील विचार आहे. दुतोंडी इम्पेलरमध्ये अक्षीय बल तत्त्वतः शून्य असते. पण पंपाच्या तोंडाशी लगेच एल्बो असला तर दोन्ही बाजूंना पाणी सारखे मिळत नाही, म्हणून तेथेही थ्रस्ट बेअरिंग टाळता येत नाही.

मांडणी व बसवणूक :

एकच बेअरिंग शाफ्टला अक्षीय दिशेने धरून ठेवते. दुसऱ्यास सरकण्याची मोकळीक हवी. शाफ्ट घरापेक्षा ३० अंशांनी अधिक तापला तर २०० मिमी अंतरात तो सुमारे ०.०७ मिमी वाढतो. हा आकडा किरकोळ वाटतो. पण ४० मिमी व्यासाच्या सी-३ बेअरिंगमधील त्रिज्य फट अवघी ०.०१५ ते ०.०३३ मिमी असते. दोन्ही बेअरिंग घट्ट दाबून बसविली तर ही वाढ थेट भारात उतरते. फिरणारी आतील कडी शाफ्टवर घट्ट आणि बाहेरील कडी घरात किंचित सैल, हा बसवणुकीचा नियम होय. ग्रीस मोकळ्या जागेच्या एक-तृतीयांश ते निम्म्याइतकेच भरावे. ठासून भरल्यास बेअरिंग तापते.

उभे व पाणबुडी पंप :

जॅकवेलमधील उभ्या टर्बाइन पंपात लाइन शाफ्टला रबराची किंवा ब्राँझची घसरबेअरिंगे असतात. रबराचे बेअरिंग पाण्यावरच चालते, म्हणून सुरू करण्यापूर्वी ते ओले करणे आवश्यक आहे. पाणबुडी पंपाचा अक्षीय भार पाण्याच्या पातळ थरावर तोलणाऱ्या कलत्या पट्ट्यांवर पडतो. ही रचना ऑस्ट्रेलियाच्या ए. जी. एम. मिचेल यांनी १९०५ मध्ये पेटंट केली, आणि १९०७ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली ती प्रथम बसविली गेली तीही व्हिक्टोरियातील कोहुना येथील मरे नदीवरच्या अपकेंद्री पंपालाच. तो थर मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढा असतो. बोअरवेलमधून आलेला वाळूचा कण त्याहून कितीतरी जाड असतो, म्हणून मोटरच्या आतील पाणी स्वच्छ भरणे व तेथील सील शाबूत राखणे हाही या बेअरिंगच्या संकल्पनाचाच भाग ठरतो.