विमान बदलताना

मनमाड जंक्शनावर गाडी बदलण्याचा अनुभव तुमच्यापैकी काही जणांना असेल. एका गाडीतून उतरावे, पुलावरून दुसऱ्या फलाटावर जावे आणि पुढील गाडीची वाट पाहावी. दूरदेशी जाणाऱ्या विमानप्रवाशासही पुष्कळदा असेच करावे लागते. मुंबईहून निघालेला प्रवासी दुबईस उतरतो व तेथून दुसऱ्या विमानाने लंडनला जातो. परंतु दुबईच्या विमानतळाचा विस्तार फार मोठा आहे. तेथील तिसरे टर्मिनल २००८ साली सुरू झाले. त्याच्या काही भागांत ये-जा करण्यासाठी विमानतळाच्या आतच धावणारी गाडी आहे!

अशा ठिकाणी चार-पाच तास हाती असले म्हणजे नवखा प्रवासी प्रथम दुकाने पाहू लागतो. येथेच तो चुकतो. आधी काम, मग आराम, हा नियम येथे पाळावा.

उतरताच सूचनाफलकावर आपल्या पुढील विमानाचा क्रमांक शोधावा. केवळ गावाचे नाव पाहून चालत नाही, कारण लंडनला एकाच दिवशी अनेक विमाने जातात. क्रमांकासमोर गेटचा आकडा असतो. तो ऐनवेळी बदलू शकतो. म्हणून फलक पुन्हा पुन्हा पाहावा. अनेक मोठ्या विमानतळांवर प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, हेही ध्यानात असावे.

वाटेत सामानाची पुन्हा तपासणी होते. द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट २००६ साली ब्रिटनमध्ये उघडकीस आला. तेव्हापासून अनेक विमानतळांवर शंभर मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतील द्रव जवळ ठेवू देत नाहीत. म्हणून पाण्याची बाटली रिकामी करून न्यावी व पुढे भरून घ्यावी.

मोठ्या बॅगेचे काय? संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकच असेल, तर ती बहुधा परस्पर पुढच्या विमानात जाते. मुंबईस मिळालेल्या सामानाच्या चिठ्ठीवर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरे आहेत ना, हे तेथेच पाहून घ्यावे. तिकिटे वेगवेगळी असल्यास मात्र बॅग स्वतः घेऊन पुन्हा द्यावी लागते. त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. शिवाय पहिल्या विमानास उशीर झाला, तर दुसरी कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही.

आता घड्याळाविषयी. तिकिटावरील वेळ ही त्या त्या गावची वेळ असते. हिवाळ्यात लंडनची वेळ दुबईच्या चार तास मागे असते. एकदा लंडनहून परतताना हे भान मला राहिले नाही. मुंबईचे विमान दुपारी एक वाजता सुटणार होते. माझ्या मनगटावर आठ वाजले होते. पाच तास आहेत, असे समजून मी निवांत बसलो. इतक्यात भिंतीवरील घड्याळाकडे दृष्टी गेली. तेथे बारा वाजले होते! विमानाचे गेट सुटण्याच्या सुमारे वीस मिनिटे आधीच बंद होते. पत्नीचे गुडघे दुखत होते. तिला धावता येईना. तिचा हात धरून मी कसाबसा गेटापर्यंत पोहोचलो. आमच्यामागे आणखी दोघेच प्रवासी होते.

विमान चुकलेच, तर घाबरून इकडे तिकडे फिरू नये. विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन तिकीट दाखवावे. तिकीट एकच असून विलंब पहिल्या विमानाचा असेल, तर कंपनी सामान्यतः पुढच्या विमानात जागा देते.

मुलांनो, तुमचे आजी-आजोबा परदेशी जावयास निघतील, तेव्हा एका कागदावर मोठ्या अक्षरांत विमानाचा क्रमांक, सुटण्याची स्थानिक वेळ आणि घड्याळ किती तास मागेपुढे करावयाचे, हे लिहून द्या. तो कागद पासपोर्टजवळ असला म्हणजे परक्या गर्दीतही त्यांना निर्धास्तपणे चार घटका विसावा घेता येईल.