ओझे पाठीवर, पण पाठीची ओळख हवी

पहाटेचे चार-साडेचार वाजलेले असतात. नाशिक, पुणे, सोलापूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून रात्रभर चाललेले ट्रक नवी मुंबईत वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात उभे असतात. फाळका पडतो. वरचा माणूस गोणी कडेला ओढून देतो आणि खालचा माथाडी कमरेत वाकून ती पाठीवर घेतो. झपझप पावले टाकीत तो गाळ्याकडे जातो, गोणी उतरवतो नि पुन्हा ट्रककडे वळतो. उजाडेपर्यंत अशा किती खेपा होतात, त्याची मोजदाद त्याची पाठच ठेवते.

याच नवी मुंबईत, या बाजारापासून काही किलोमीटरवर, नेरुळला आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे पहिल्या वर्षाला बसलेली मुले-मुली हातात एकेक मणका घेऊन तो कमरेचा की पाठीचा हे ओळखायला शिकतात. एकाच शहरात एक माणूस मणक्यांवर ओझे वाहतो आणि दुसरा मणक्यांची नावे शिकतो. पहिल्याला दुसऱ्याचे थोडे ज्ञान मिळाले, तर त्याची पाठ दहा वर्षे जास्त टिकणार नाही काय?

ही गोष्ट केवळ बाजारच्या हमालाची नाही. गोणी भरणारे आपण, खताची पोती बांधावर नेणारे आपण, डोक्यावर हंडा आणि भारा वाहणाऱ्या आपल्याच मायबहिणी. म्हणून वाचकहो, आज आपल्याच अंगातल्या हाडांची नि स्नायूंची ओळख करून घेऊ. त्यासाठी पुस्तक नको, चित्र नको. आपले अंग हेच पुस्तक.

हाडे किती आणि कुठे?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 206 हाडे असतात. तान्ह्या बाळाच्या अंगात ती याहून बरीच जास्त असतात. वाढत्या वयात काही हाडे एकमेकांना जुळून एक होतात, म्हणून संख्या घटते. आपल्या जुन्या वैद्यांनीही ही मोजणी केली होती. सुश्रुतसंहितेत हाडांची संख्या 300 दिली आहे, तर चरकसंहितेत 360. त्या काळी दात, नखे, कूर्चा यांचीही गणना हाडांत होत असे, त्यामुळे हा फरक पडला. शरीर शिकायचे तर ते डोळ्यांनी पाहूनच शिकावे, हे सुश्रुतांचे सांगणे मात्र आजही जुने झालेले नाही.

आता एक गंमत पाहा. एका हातात मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत 27 हाडे असतात आणि एका पायात घोट्याच्या खाली 26. दोन्ही हात-पाय मिळून ही 106 झाली. म्हणजे अंगातली निम्म्याहून अधिक हाडे पंजांत नि पावलांतच! बी पेरणारी, गाठ मारणारी, खुरपे चालवणारी बोटे एवढी चपळ का, याचे उत्तर येथे आहे.

बाकीची हाडे आपल्या बोलण्यातच आहेत. गळ्याखाली आडवी लागते ती हासळी. छातीला पिंजरा करणाऱ्या बरगड्यांच्या 12 जोड्या. मांडीचे हाड अंगातले सर्वांत लांब नि दणकट. त्याच्या खाली गुडघ्याची वाटी. खाटेच्या पायाला आपटली की डोळ्यांत पाणी आणते ती नडगी, कारण तेथे हाडावर मांसाचे आवरण फार थोडे. बसताना घसरून पडलो की कळवळून उठतो ते माकडहाड.

हाड म्हणजे वाळले लाकूड नव्हे, ते जिवंत असते. त्यात रक्त खेळते आणि मोडले तर ते पुन्हा सांधते. जुना भाग झिजून नवा भाग सारखा बनत असतो. त्यासाठी चुना लागतो, म्हणजे डॉक्टर ज्याला कॅल्शियम म्हणतात तो. आपल्या नाचणीत तो भरपूर असतो. दूध, तीळ, हिरव्या पालेभाज्या यांतूनही तो मिळतो. अंगावर ऊन पडल्याने तयार होणारे ड जीवनसत्त्व तो चुना अंगी लावते. पाळी थांबल्यावर बायकांची हाडे लवकर विरळ होऊ लागतात, म्हणून घरातल्या आजीच्या ताटातली भाकरी नाचणीची असली तर बरे.

स्नायू ढकलत नाही, ओढतो

हाडे हा नुसता सांगाडा. त्याला हलवणारे ते स्नायू. अंगात असे 600 हून अधिक स्नायू आहेत. दंड वाकवून मुले 'बेटकुळी' दाखवतात ना? ती बेटकुळी म्हणजे कोपर वाकवणारा स्नायू.

स्नायूचे काम बैलासारखे आहे. बैल नांगर ओढतो, मागून ढकलीत नाही. स्नायूलाही आखडून ओढणे एवढेच येते. मग वाकवलेला हात सरळ कसा होतो? त्यासाठी दंडाच्या मागच्या बाजूला दुसरा स्नायू असतो. पुढचा ओढतो तेव्हा मागचा सैल पडतो आणि मागचा ओढतो तेव्हा पुढचा. अंगातले बहुतेक सांधे अशा जोड्यांनीच चालतात. स्नायू हाडाला ज्या चिवट दोरीने बांधलेला असतो तिला कंडरा म्हणतात. टाचेच्या वर हात लावा, ताठ दोरीसारखी लागेल ती पोटरीची कंडरा. हाडाला हाड बांधणारी ती अस्थिबंधने. पाय मुरगळतो तेव्हा बहुधा हीच ताणली जातात.

आता थोडा हिशोब. हा स्नायू कोपराच्या सांध्यापासून साधारण 5 सेंटिमीटरवर हाताच्या हाडाला जुळलेला असतो. कोपर काटकोनात वाकवून हातात 10 किलोची बादली धरली, तर ती सांध्यापासून सुमारे 35 सेंटिमीटरवर येते. म्हणजे सातपट लांब. तेव्हा 10 किलो पेलायला स्नायूला सुमारे 70 किलोची ओढ द्यावी लागते. पहार आखूड बाजूने धरून धोंडा उचलावा, तसा हा प्रकार. देवाने आपल्याला झपाझप हालचाल दिली, पण ताकदीच्या हिशोबात स्नायूला घाट्याचा सौदा दिला. पाठीचे दुखणे समजायचे तर हा हिशोब ध्यानात ठेवावा.

कणा म्हणजे मण्यांची माळ

पाठीच्या कण्यात मुळात 33 मणके असतात. मानेचे 7, पाठीचे 12 आणि कमरेचे 5. त्याखालचे 5 जुळून एक हाड होते आणि शेवटचे चारेक लहान मणके मिळून माकडहाड बनते. मान पुढे वाकवून मानेच्या मुळाशी बोट फिरवा. ठळक उंचवटा लागेल तो साधारण मानेचा सातवा मणका. आता दोन्ही हात कमरेच्या हाडावर ठेवा आणि अंगठे मागे कण्यावर भिडवा. तेथे कमरेचा चौथा मणका असतो. माणसांच्या पाठी जास्तीत जास्त मोडतात त्या याच जागी आणि जरा खाली.

मणक्या-मणक्यांमध्ये कूर्चेच्या चकत्या असतात, लोक त्यांना गादी म्हणतात. बाहेरून चिवट वेढे आणि आत मऊ गर, अशी तिची घडण. मोठ्या माणसाच्या गादीला रक्ताचा पुरवठा जवळजवळ नसतो. हालचालीने ती दबते नि सुटते, त्यातूनच तिचे पोषण होते. रात्री निजल्यावर ती पाणी शोषून फुगते आणि दिवसभरात दबते. म्हणूनच माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो! फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण अधिक येतो. तेव्हा अंथरुणातून उठल्याबरोबर पोत्याला हात घालू नये. आधी थोडे चालावे, अंग मोकळे करावे.

आता मघाचा हिशोब पाठीला लावू. पाठीचे स्नायू कण्याच्या मध्यापासून साधारण 5 सेंटिमीटरवर ओढ घेतात. 20 किलोचे ओझे कमरेत वाकून, हात लांब करून, कण्यापासून 50 सेंटिमीटरवर धरले, तर स्नायूंना 200 किलोची ओढ द्यावी लागते. तेच ओझे पोटाशी, 25 सेंटिमीटरवर धरले तर 100 किलो पुरतात. वाकलेल्या धडाचे वजन पेलायला लागते ते आणखी निराळे. ही सगळी ओढ शेवटी कमरेच्या गादीवर दाब म्हणून येते. ओझे तेच, माणूस तोच, पण जवळ धरल्याने ताण निम्मा!

असा दाब वर्षानुवर्षे पडला की गादीचे वेढे फाटतात. आतला गर बाहेर सरकून शेजारची नस दाबतो आणि कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत जाते. नुसती उसण भरणे वेगळे आणि ही कळ वेगळी.

मग करावे काय?

ओझे उचलताना पाय फाकवून, एक पाऊल किंचित पुढे ठेवून उभे राहावे. गुडघ्यांत वाकावे, ओझे अंगाशी घ्यावे आणि मांड्यांच्या जोरावर उठावे. ओझे हातात असताना कमरेतून पीळ देऊ नये, पावले वळवून सगळे अंग फिरवावे. जड गोणीला दोघांनी हात लावावा. डोक्यावरच्या भाऱ्याखाली चांगली जाड चुंबळ घ्यावी. वाढत्या मुलाच्या हाडांची टोके अजून कोवळी असतात, तेव्हा त्याला मोठ्या माणसाचे ओझे देऊ नये.

उसण भरली तर आठवडाभर खाटेवर पडून राहू नये. सोसेल तसे चालत राहिल्याने ती लवकर सुटते. मात्र पायात मुंग्या नि बधिरपणा आला, पायातले बळ गेले, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर एक दिवसही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. पडून हाड मोडल्याची शंका असेल तर चोळू नये, ओढू नये. दोन काठ्या नि धडपे बांधून वरचा-खालचा सांधा न हलेल असे करावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

तराजूच्या दोन टोकांना आपणच

एके काळी धान्याचे पोते क्विंटलभराचे असे, आणि ते एकाच पाठीवर चढे. अण्णासाहेब पाटील यांच्या पुढारपणाखाली हमाल संघटित झाले, आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. त्याच्या दोन वर्षे आधी, 1967 मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने अशी शिफारस केली होती की, एका पुरुषाने वाहायचे ओझे 55 किलोहून जास्त असेल तेथे ते त्या मर्यादेपर्यंत लवकर खाली आणावे. आपल्या बाजारांत पुढे 50 किलोचा आग्रह रुजला. युरियाची गोणीही 2018 पासून 45 किलोची झाली. तरी कांद्याच्या नि बटाट्याच्या 50 किलोवरच्या गोण्या येतच राहिल्या, आणि त्या उतरवण्यास माथाडींनी नकार दिल्याचे प्रसंग वाशीच्या बाजारात घडले.

येथे आपला संबंध येतो. गोणी भरतो आपण. बारदान वाचावे म्हणून दोन पाट्या जास्त दाबून आपण तोंड शिवतो. पण ती गोणी पाठीवर घेणारा कोण? वाशीच्या माथाडींतले कितीतरी जण सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतल्या डोंगरी गावांचे आहेत. घरची जमीन पुरेना म्हणून पोटासाठी मुंबईला गेलेले ते शेतकऱ्यांचेच लेक. खळ्यावर दाबलेल्या त्या दोन पाट्या आपल्याच भावकीच्या कमरेवर बसतात.

तेव्हा आज दिवेलागणीला मुलांना जवळ बसवा. हासळी, बरगडी, नडगी, घोटा त्यांना बोटाने शोधायला लावा. आजोबांच्या पाठीवरून हात फिरवून मणके मोजू द्या. आणि पुढच्या खेपेला गोणी भरताना काटा 50 वर आला की हात आखडता घ्या. आपल्या कण्याची ओळख झाली, म्हणजे दुसऱ्याच्या कण्याची कदर आपोआप येते.