दादासाहेब फाळके यांची छायाचित्रण कारकीर्द

धुंडिराज गोविंद उपाख्य दादासाहेब फाळके (३० एप्रिल, १८७० - १६ फेब्रुवारी, १९४४) हे चित्रपटनिर्मितीकडे वळण्यापूर्वी गोधरा व बडोदे येथे व्यावसायिक छायाचित्रकार होते. या व्यवसायात त्यांना आर्थिक यश लाभले नाही. मात्र त्यातील तंत्रज्ञान पुढे चित्रपटनिर्मितीत उपयोगी पडले.

शिक्षण

त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या सर जे.जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला व छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना तेथील छायाचित्रशाळा व प्रयोगशाळा वापरण्याची मुभा दिली.

तत्कालीन तंत्र

त्या काळी छायाचित्र रसायनाचा लेप असलेल्या काचेवर घेतले जाई. लहान गावांत वीज नसल्याने दिवसाच्या उजेडातच काम करावे लागे. उजेड मंद असल्यास समोरच्या व्यक्तीला काही सेकंद निश्चल बसावे लागे. अंधाऱ्या खोलीत काच रसायनांनी धुतल्यावर निगेटिव्ह तयार होई. ती संवेदनशील कागदावर ठेवून उन्हात छाप काढीत. त्यामुळे छायाचित्राचा आकार काचेएवढाच असे.

गोधरा व बडोदे

१८९५ च्या सुमारास फाळके यांनी मुंबई इलाख्यातील गोधरा येथे व्यवसाय सुरू केला. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व अपत्य मरण पावले आणि ते बडोद्यास परतले. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो व त्यामुळे आयुष्य घटते, असा समज बडोद्यात पसरला होता. व्यक्तिचित्रांवर उपजीविका असणाऱ्यास हा समज घातक होता. कारण गिऱ्हाईक कॅमेऱ्यासमोर बसण्यासच तयार नसे. अखेर फाळके नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. १९०३ मध्ये त्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी स्वीकारली.

चित्रपटनिर्मितीतील उपयोग

१९१२ मध्ये कुंडीतील रोपाची वाढ ठरावीक अंतराने टिपून फाळके यांनी 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला. त्याच्या आधारे त्यांना भांडवल मिळवता आले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे, १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. या चित्रपटाची फिल्म धुण्याचे व तिला छिद्रे पाडण्याचे काम घरीच होत असे. त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांचा त्यात मोठा वाटा होता.