साखळी-करवतीची धार

वादळाने आडव्या पाडलेल्या झाडाने रस्ता अडवला, की पहिली हाक साखळी-करवतीला जाते. २०२० च्या मे महिन्यात अम्फान वादळ कलकत्त्यावरून गेले, ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दोन्ही वेळी वाटा मोकळ्या करण्याच्या कामी हीच करवत आली. परंतु पडलेल्या झाडाच्या सालीत माती भरलेली असते, आणि फिरती साखळी क्षणभर जमिनीला टेकली तरी तिची धार जाते. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की चालवणारा अंगाचा भार देऊन करवत दाबू लागतो. दमलेल्या माणसाने दाबून चालवलेल्या करवतीइतकी धोक्याची वस्तू क्वचितच असेल.

या साखळीचा दात आपल्या सुताराच्या करवतीसारखा टोकदार नसतो. १९४६ साली अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. डावी-उजवीकडे जबडे चालवीत ती लाकूड उभे-आडवे सारख्याच सहजतेने कापीत होती! त्यावरून त्याने वाकवलेल्या आकड्यासारखा दात घडवला आणि १९४७ मध्ये त्या साखळ्यांचा कारखाना काढला. हा दात म्हणजे खरे पाहता एक चिमुकला रंधाच. त्याच्या पुढचा बुटका उंचवटा, पाते लाकडात किती खोल जावे हे ठरवतो.

रोजची धार रानात गोल कानशीने लावता येते. दगड लागून दात वेडेवाकडे झिजले, म्हणजे मात्र मेजावर घट्ट बसवलेले धारयंत्र हवे. त्यात साखळी शेगड्यात धरली जाते आणि फिरते कुरुंदाचे चाक, बहुधा ३० अंशांच्या कोनात, दातावर उतरते. प्रथम सर्वांत आखूड दात शोधावा व त्याच्या मापाला बाकीचे आणावेत. आधी एका बाजूचे सगळे, मग कोन फिरवून दुसऱ्या बाजूचे. एका अंगाचे दात लांब राहिले, तर काप सरळ न जाता वळतो.

चाक बसवण्यापूर्वी, मडके घेताना मारतो तशी, त्यावर टिचकी मारून पाहावी. आवाज बद्द आला, तर चाकाला तडा आहे असे समजून ते टाकून द्यावे. डोळ्यांवर चष्मा हवाच.

यंत्राचा खरा शत्रू उष्णता. चाक दातावर दाबून धरले, की सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पोलादावर निळी झाक येते. लोहाराला ती ओळखीची आहे: पोलादाचे पाणी उतरले! असा दात कोठे मऊ, तर कोठे ठिसूळ होतो. म्हणून चाक टेकवावे, उचलावे, पुन्हा टेकवावे. घाईच्या माणसाला हे यंत्र मुळीच देऊ नये. दोन मिनिटांत तो साखळीचे निम्मे आयुष्य खाऊन टाकतो.

दाताचा माथा मागे उतरता असल्यामुळे घासताना दात आखूड होतो तसा बुटकाही होतो. मग पुढचा उंचवटाही मापपट्टी लावून सपाट कानशीने उतरवावा लागतो. पुष्कळ साखळ्यांत हे अंतर सुमारे ०.६५ मिलिमीटर असते. ते जास्त झाले, तर दात लाकडात अडकून करवत उसळते आणि चालवणाऱ्याच्या अंगावर येते. शेवटी साखळी ब्रशने झाडून तेलात बुडवून ठेवावी, कारण सांध्यांत राहिलेले कुरुंदाचे कण तिला आतून झिजवीत राहतात.