समाचाराला जाण्याची रीत

खानापूर तालुक्यातील एका गावी काही वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ देवाघरी गेले. घरातून रडण्याचा आवाज उठला तोच शेजारच्या दोघीजणी मागील दाराने आत शिरल्या. त्यांना कोणी बोलाविले नव्हते. एकीने लहान मुलांना आपल्या घरी नेले, दुसरीने पाणी भरले, आणि दुपारी पेजेचे तपेले आले. सायंकाळी प्रार्थनेला अंगण भरून गेले. ज्या माउलीचे कुंकू पुसले गेले होते तिला "आता तुम्हांला मनातून कसे वाटते?" असे एकानेही विचारले नाही. विचारले असते तर आम्हां सर्वांना ते चमत्कारिकच वाटले असते.

याच गृहस्थांची कन्या इंग्लंडमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिला अंत्यविधीस पोहोचता आले नाही. तेथील सोबतिणींनी तिचा हात दाबला, सांत्वनाचे कार्ड दिले, आणि प्रत्येकीने सांगितले, "काही लागले तर नि:संकोच सांग." ती म्हणाली, "नको, मी ठीक आहे." वाचकहो, आपल्याकडे हे उत्तर म्हणजे उत्तरच नव्हे. पहिला 'नको' खरा मानून ताट उचलून नेणारी यजमानीण आमच्या गावात अजून जन्मावयाची आहे! परंतु सोबतिणींनी तो शब्द खरा मानला आणि तिला एकटे राहू दिले. त्या रात्री तिने आईला दूरध्वनीवरून सांगितले की, येथील माणसांची मने दगडाची आहेत. पुढे कित्येक महिन्यांनी त्यांतलीच एक तिला म्हणाली, "तू काहीच बोलली नाहीस, तुला एकांत हवा असेल म्हणून आम्ही दूर राहिलो." म्हणजे दूर राहण्यातच त्यांची माया होती.

हा केवळ एका मुलीचा गैरसमज नव्हे. शेली टेलर, डेव्हिड शर्मन, हीजंग किम आदी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. संकटकाळी आपण होऊन दुसऱ्याचा आधार मागण्याचे प्रमाण युरोपीय वंशाच्या अमेरिकनांत अधिक, तर कोरियातील व आशियाई वंशाच्या लोकांत कमी, असे त्यांना आढळले. या लोकांना जिवलग नव्हते असे मुळीच नाही. आपल्या दु:खाचे ओझे दुसऱ्यावर कशाला, घरातील सलोखा बिघडेल, चारचौघांत मान खाली जाईल, ही त्यांची धास्ती होती. कोरिया हा आपला देश नव्हे. पण ही कारणे वाचताना कोणी आमच्याच ओसरीवर बसून ती लिहून घेतली की काय, असा भास आम्हांला झाला.

तीन वर्षांनी, २००७ साली, टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणांना तोंडी वजाबाक्या करणे आणि परीक्षकांसमोर भाषण देणे अशी अवघड कामे दिली. तत्पूर्वी काहींना जवळच्या माणसास पत्र लिहून मदत व सल्ला मागावयास सांगितले. काहींना आपल्या जिवलग मंडळींविषयी नुसते लिहावयास सांगितले, मागावयाचे काही नाही. मनावरील ताण लाळेतील कॉर्टिसॉल या द्रव्यावरूनही मोजला. आशियाई तरुणांना न मागता, केवळ आपल्या माणसांच्या आठवणीने अधिक धीर आला. युरोपीय वंशाच्या तरुणांना उघड मागितल्याने. ताण शरीरातच मोजला असल्यामुळे हा नुसता शिष्टाचाराचा भेद आहे, असे म्हणून तो झटकून टाकता येत नाही.

मग आमची मुकी रीतच श्रेष्ठ, असे कोणी म्हणेल. त्यास आमचा एक आक्षेप आहे. मृत्यू झाला की सर्वांना कळते आणि प्रत्येकाचे पाऊल कोठे पडावे हे ठरलेले असते. पण ज्या घरात नवरा दारू पितो, ज्या घरावर सावकाराचे कर्ज आहे, जिची कूस उजवली नाही, ज्याला पहाटे तीनलाच जाग येऊन काळोख खायला उठतो, त्यांच्या समाचाराला कोणता दिवस? अशा दु:खाला रीतच नाही. तेथे बोलल्यावाचून गत्यंतर नसते, आणि नेमकी तेथेच आपली जीभ टाळ्याला चिकटते. "काही नाही हो, जरा अंग दुखते," एवढेच काय ते बाहेर पडते.

हीच कोंडी आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशात काही आज्यांनी फोडली. तेथील शोना भाषेत खिन्नतेला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. अतिविचार असा त्याचा अर्थ. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली राजधानी हरारे येथे, दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक मांडून त्यावर वस्तीतील वयस्क स्त्रियांना बसविण्याचा उपक्रम आरंभिला. मनाच्या आरोग्याचा बाक असे नाव ठेवण्याचा बेत होता. आज्या म्हणाल्या, अशा बाकावर कोणी फिरकणारसुद्धा नाही! तेव्हा तो मैत्रीचा बाक झाला. त्यांच्या कामाच्या पहिल्या पायरीचे नाव 'कुवुरा फुंग्वा', म्हणजे मन उघडणे. भेटी संपल्यावर स्त्रिया मंडळ करून बसतात आणि बोलता बोलता टाकाऊ प्लास्टिकच्या पिशव्या विणतात. हातांना काम असले म्हणजे तोंडाला धीर येतो, हे तांदूळ निवडणाऱ्या आमच्या बायकांना कोणी शिकवावयास नको.

या बाकाची कसोटीही झाली. हरारेतील २४ दवाखान्यांतील ५७३ रुग्णांवरील अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत शंभरांत सुमारे ५० जणांत खिन्नतेची लक्षणे उरली होती. आज्यांकडे गेलेल्यांत सुमारे १४ जणांत.

हरारेत काही वर्षे काम केलेले डॉ. विक्रम पटेल पुढे गोव्यात आले. १९९६ साली तेथे स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. अंगदुखी, थकवा, झोप न येणे अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या कित्येकांचे खरे दुखणे मनात असते, हे त्यांनी दाखवून दिले. तेथील 'मानस' प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक व्यक्तींनी रुग्णांशी बोलावयाचे, अशी योजना होती. २,७९६ रुग्णांच्या या प्रयोगाचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. सरकारी आरोग्यकेंद्रांत त्याने स्पष्ट गुण आला. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही.

आता त्या परिचारिकेकडे वळू. गतवर्षी तिच्या सोबतिणींपैकी एकीची आई वारली. हिने "काही लागले तर सांग" असे म्हटले नाही. सूपचे भांडे फडक्यात गुंडाळून ती थेट तिच्या दारात उभी राहिली. सोबतीण प्रथम गोंधळली, मग बाजूला सरली. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. आपल्याकडील रीतीप्रमाणे हिने गप्प बसावयाचे ठरविले होते, परंतु समोरची बाई बोलण्यासाठी आतुर आहे असे पाहून हिने, जन्मात प्रथमच, विचारले, "तुझी आई कशी होती गं?" सूप निवून गेले तरी ते उत्तर संपले नव्हते.